वरातीतलं क्लारनेट मैफिलीत बसलं कसं? ए. के. सी. नटराजन यांची वाटचाल

ए. के. सी. नटराजन हे कर्नाटक संगीतातले नामांकित क्लारनेटवादक. जन्म १९३१ सालचा, तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीचा. घर वाजवणाऱ्यांचं. वडील चिन्नीकृष्ण नायडू स्वतः क्लारनेट वाजवायचे. १९९४ साली संगीत नाटक अकादमी पुरस्कार, २००८ साली मद्रास म्युझिक अकादमीचा 'संगीत कलानिधी' आणि २०२२ साली पद्मश्री, असे तीन मोठे मान त्यांना मिळाले. 'क्लारनेट एव्हरेस्ट' ही पदवी तर त्याच्या कितीतरी आधीची.

तिरुचीच्या माणसाची माहिती नंदुरबार, नवापूर, सुरतच्या वाचकाला कशाला, असं कोणी विचारेल. उत्तर आपल्याच गल्लीत आहे. सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा भागात खानदेशी माणूस दाटीने राहतो. लूमवर, मिलमध्ये, मार्केटात काम करतो आणि लग्नं बहुतेक गावच्या रीतीने लावतो. त्या लग्नात ज्या वाद्याने मुखडा उचलल्याशिवाय वरात हलत नसे, ते हेच क्लारनेट. आपल्याकडे ते वरातीत राहिलं, तिकडे ते मैफिलीत बसलं. असं का झालं, हे एका माणसाच्या आयुष्यातून नीट समजतं.

आपल्या भागातलं क्लारनेट

पुस्तकात याला क्लॅरिनेट किंवा क्लॅरिओनेट म्हणतात. बँडवाल्यांच्या तोंडी मात्र क्लारनेट, क्लॅरोनेट. काळी नळी, त्यावर चकचकीत चाव्या, खाली घंटेसारखं तोंड आणि वर फुंकायला चोच. चोचीला वेताची एक पातळ पत्ती बांधलेली असते. आवाज त्या पत्तीच्या थरथरण्याने निघतो. सनईला दोन पत्त्यांची जिभली असते, क्लारनेटला एकच पत्ती. दोघांच्या आवाजातला फरक बराचसा इथून सुरू होतो. सनईचा आवाज टोकदार, क्लारनेटचा गोल आणि थोडा घशातला.

बँडमध्ये पितळी वाद्यांचा गोंगाट असतो. ट्रम्पेट, युफोनियम, साईड ड्रम, ढोल. या सगळ्यांत गाण्याची नाजूक ओळ धरायची ती क्लारनेटने. म्हणून अनेक ठिकाणी बँड मास्तर हाच क्लारनेटवाला असे. सुपारी घेणं, बयाणा ठरवणं, माणसं जमवणं आणि वर गाण्याचा चेहरा सांभाळणं, ही सगळी कामं एकाकडेच.

पण मान? जेवणाच्या पंगतीत बँडवाला सगळ्यांत शेवटी. वाजवतो उभ्याने, रस्त्यात, उन्हात. टाळी लागली की त्याचं काम संपलं. त्याच्या मुलाने तेच वाजवायला घेतलं तर बाप म्हणणार, यापेक्षा मार्केटात कामाला लाग. आता डीजे आले, बेंजो पार्ट्या आल्या, की-बोर्डवर सगळ्या वाद्यांचे आवाज मिळायला लागले. क्लारनेटवाला पहिला कमी झाला, कारण ते शिकायला वर्षं लागतात आणि मोबदला हंगामापुरता.

वाद्य आलं कुठून?

क्लारनेट मूळचं जर्मनीचं. न्यूरेम्बर्ग शहरातल्या योहान क्रिस्टोफ डेन्नर या कारागिराने १७०० च्या आसपास जुन्या एका वाद्यात सुधारणा करून ते घडवलं, असं मानतात. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत चाव्या वाढत गेल्या. लष्करी बँडमध्ये त्याला मोठी जागा मिळाली. हिंदुस्थानात ते फौजांबरोबर आणि संस्थानिकांच्या बँडबरोबर आलं. राजाच्या दारात बँड वाजायला लागला, मग सरदाराच्या, मग सावकाराच्या, आणि शेवटी कोणाच्याही लग्नात. आपल्याकडची बँड पार्टी ही त्या लष्करी बँडचीच नात. डोक्यावरच्या टोप्या आणि सोनेरी पट्ट्यांचा कोट तिथूनच आला.

दक्षिणेत मात्र याच वाद्याला दुसरी एक वाट सापडली. त्या वाटेच्या सुरुवातीला एक मराठी दरबार उभा आहे.

तंजावर आणि बडोदा: मराठी धागा

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर घेतलं. तिथलं भोसल्यांचं राज्य १८५५ पर्यंत टिकलं. या घराण्यातले सर्फोजीराजे दुसरे, कारकीर्द १७९८ ते १८३२, हे विद्याव्यासंगी राजे. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढवलं. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा मोठा मराठी शिलालेख कोरवून घेतला, तो आजही वाचता येतो. त्यांच्या दरबारात युरोपीय वाद्यं होती, पाश्चात्त्य पद्धतीचा बँड होता. त्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. भरतनाट्यमच्या आजच्या कार्यक्रमाचा क्रम बऱ्याच अंशी या भावांनी बसवला. व्हायोलिन कर्नाटक संगीतात रुजवण्यात वडिवेलू यांचं नाव घेतात.

म्हणजे परदेशी वाद्य आलं तर ते दाराबाहेर ठेवायचं नाही, आपल्या रागांत बसतं का ते पाहायचं, ही सवय त्या दरबाराने लावली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नृत्याच्या संचात क्लारनेट आणण्याचं श्रेय महादेव नट्टुवनार यांना दिलं जातं. देवदासींच्या त्या नृत्याला 'सदिर' म्हणत. नर्तकीच्या मागे उभं राहून वादक वाजवायचे, आणि त्यांत क्लारनेटवाला गाणाऱ्याच्या गळ्याला गळा लावून चालायचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत नाथमुनी बँडचे बलरामन यांनी क्लारनेटवर राग-कृती स्वतंत्रपणे वाजवून लोकांचे कान तयार केले.

आता सुरतेपासून दीडशे किलोमीटरच्या आतलं बडोदा घ्या. महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांचं पहिलं लग्न १८८० साली झालं ते तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी. लग्नानंतर त्या चिमणाबाई झाल्या. त्यांच्या माहेरच्या बाजूने तंजावरच्या नर्तकी आणि नट्टुवनार बडोद्याला आले आणि दरबारात नोकरीला राहिले. तंजावरच्या संगीत-नृत्याची एक फांदी अशी मराठी राजघराण्याच्या लग्नातून गुजरातेत आली. राज्याच्या सीमा नंतर आखल्या गेल्या. १ मे १९६० पर्यंत सुरत आणि आपला पश्चिम खानदेश एकाच राज्यात होते, हे नव्या पिढीला सांगावं लागतं. कलावंतांच्या वाटा त्याआधीपासून चालू होत्या.

तिरुचीचं घर आणि दोन गुरू

तंजावरपासून तिरुचिरापल्ली पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. नटराजन यांचा जन्म तिथल्या वाजवणाऱ्या घरातला. अशा घरात वाद्य वेगळं आणून द्यावं लागत नाही. ते कोपऱ्यात टांगलेलंच असतं. पत्ती कशी घासायची, दमट हवेत वाद्य कसं जपायचं, फुंक पोटातून कशी द्यायची, हे मूल बघून बघून शिकतं. आपल्याकडच्या बँडवाल्यांच्या घरीही नेमकं हेच होतं. इथपर्यंत तिरुची आणि खानदेश यांत फरक नाही.

फरक पुढच्या पायरीवर पडला. नटराजन यांनी गायनाची तालीम घेतली ती आलात्तूर वेंकटेश अय्यर यांच्याकडे. कर्नाटक संगीत ऐकणाऱ्यांना 'आलात्तूर बंधू' ही गायकांची जोडी माहीत असते. त्या जोडीला घडवणारे गुरू ते हेच. लयीवर पक्की पकड ही या परंपरेची ओळख. त्याबरोबर नागस्वरमची तालीम घेतली इलुप्पूर नटेश पिल्लै यांच्याकडे. नागस्वरम म्हणजे दक्षिणेतलं देवळातलं मंगलवाद्य, आपल्या सनईच्या नात्यातलं, पण लांबीला मोठं आणि आवाजाला फार दणदणीत.

म्हणजे हातात क्लारनेट, पण शिकवणारा एक गायक आणि एक नागस्वरमवाला. हे वरवर उलटं वाटतं, तरी सगळी किल्ली इथेच आहे. गायनाने त्यांना शब्द दिले. कृती म्हणजे शब्द असलेली रचना. ओळ कुठे तोडायची, श्वास कुठे घ्यायचा, कोणत्या अक्षरावर जिभेचा ठोका द्यायचा, हे शब्द पाठ असल्याशिवाय कळत नाही. नागस्वरमने त्यांना रागाचा लांब विस्तार दिला. देवळाच्या मिरवणुकीत नागस्वरमवाले एकेक राग तासन् तास फुलवायचे. क्लारनेटला हे दोन्ही एकत्र मिळालं तेव्हा ते गाण्याची नक्कल करणारं वाद्य राहिलं नाही. राग मांडणारं झालं.

वाद्यातली अडचण नेमकी काय?

हा भाग थोडा तांत्रिक आहे, पण तो समजला तर या कामाची किंमत कळते.

बासरी किंवा सनईवर खालच्या सप्तकातला 'सा' वाजवला, तीच बोटं ठेवून फुंक बदलली, तर वरचा 'सा' मिळतो. दोन्ही सप्तकांत बोटांचा हिशोब जवळपास सारखा. क्लारनेटचं तसं नाही. त्याची नळी आतून सरळ, एका जाडीची, आणि वरचं टोक पत्तीने बंद. अशा नळीत 'सा' ची बोटं ठेवून मागची चावी दाबली तर वरचा 'सा' मिळत नाही, त्याच्याही वरचा 'प' मिळतो. म्हणजे खालच्या आणि वरच्या सप्तकात बोटांचे दोन वेगळे पाढे पाठ करावे लागतात. दोन पट्ट्यांच्या मधले दोन-चार सूर मुळातच बारीक आणि फुसके निघतात. राग तर तिथूनही जायचाच असतो.

दुसरी अडचण चाव्यांची. आपलं संगीत मींड आणि गमक यांवर चालतं. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जायचं, सूर हलवायचा. कर्नाटक संगीतात तर हललेला सूर हाच खरा सूर. बासरीच्या उघड्या भोकावर बोट अर्धं सरकवलं की हे जमतं. क्लारनेटला भोकांवर कड्या आणि झाकणं. झाकण उघडं तरी असतं किंवा बंद तरी, अर्धवट ठेवायची सोय नाही. म्हणून आपल्याकडचे वादक, बँडवाले असोत की मैफिलीवाले, जुन्या 'अल्बर्ट' पद्धतीचं वाद्य पसंत करतात. त्यात कड्या कमी आणि बोटाला उघडं भोक जास्त. युरोपात नंतर चाललेल्या 'बोएम' पद्धतीत चाव्यांची सोय जास्त, पण आपल्या कामाला ती आड येते. शिवाय ओठांचा दाब आणि घशाची पोकळी बदलून सूर थोडा खाली-वर करता येतो. हे बोटाने दाखवता येत नाही. गुरूने गाऊन दाखवायचं, शिष्याने तसं निघेपर्यंत फुंकत राहायचं.

पट्टीचंही एक आहे. बाजारात जास्त मिळणारं बी-फ्लॅटचं क्लारनेट म्हणजे पेटीवरची काळी पाच. बँडमध्ये लहान ई-फ्लॅटचं असतं, ते काळी दोन. गायकाला जसा आपला षड्ज निवडता येतो तसा क्लारनेटवाल्याला मोकळेपणाने निवडता येत नाही. षड्ज सरकवला की बोटांचा सगळा हिशोब नव्याने.

नटराजन यांची कमाई या अडचणींच्या पार्श्वभूमीवर बघितली पाहिजे. ऐकणाऱ्याला त्यातली एकही अडचण जाणवू न देता तोडी, कल्याणी, खरहरप्रियासारखे राग मांडायचे, ही ती कमाई.

नोकरी, मग मैफल

तरुणपणी नटराजन यांनी आकाशवाणीत नोकरी केली. दिल्ली केंद्रावरही वाजवलं. पुढे नोकरी सोडून मैफिलींचा रस्ता धरला. महिन्याचा पगार सोडून सुपारीवर जगायचं ठरवणं म्हणजे काय, हे कलावंतांच्या घरात वेगळं सांगायला नको.

त्या काळात दक्षिणेत नागस्वरमचे राजे होते टी. एन. राजरत्नम पिल्लै. त्यांचा तोडी राग आजही दंतकथेसारखा सांगितला जातो. नागस्वरमवाल्याला बाकीच्या विद्वानांच्या बरोबरीचा मान मिळाला पाहिजे, म्हणून ते आयुष्यभर भांडले. वादकाने कसं बसावं, काय अंगावर घालावं, कोणापुढे झुकावं आणि झुकू नये, यावर त्यांची स्वतःची ठाम मतं होती. अशा माणसाने नटराजन यांना 'क्लारनेट एव्हरेस्ट' म्हटलं. राजरत्नम १९५६ साली गेले. म्हणजे ही पदवी मिळाली तेव्हा नटराजन फार तर पंचवीस वर्षांचे होते. परदेशी मानल्या गेलेल्या वाद्याला देशी मंगलवाद्याच्या राजाने दिलेली ही पावती होती, म्हणून तिचं वजन जास्त.

मैफिलीची मांडणीही बघण्यासारखी. कर्नाटक मैफिलीत साथीला साधारण मृदंग असतो. नटराजन मात्र तविलच्या साथीने वाजवण्यासाठी ओळखले जातात. तविल हा नागस्वरमबरोबर वाजणारा दोन तोंडांचा ढोल, आवाज दणदणीत. नाजूक वाद्य त्याच्यापुढे टिकत नाही. क्लारनेट टिकलं. देवळाच्या अंगणातला सगळा जोर त्यांनी सभागृहात आणून बसवला, आणि अंगणातल्या वाजवण्याची लाज धरली नाही. आपल्याकडे उलट होतं. जरा नाव झालं की माणूस आधी जुनी ओळख पुसतो.

याच काळात क्लारनेटच्या पायाखालची एक जमीन सरकत होती. सदिरचं भरतनाट्यम झालं, नर्तकीच्या मागचे वादक बाजूला येऊन बसले, आणि नृत्याच्या संचात क्लारनेटची जागा हळूहळू बासरीने घेतली. अनेक वादकांचं काम गेलं. स्वतंत्र मैफल हीच पुढची जागा उरली, आणि ती ज्याला राग मांडता येतो त्यालाच मिळणार होती. काळ बदलला तेव्हा नटराजन यांच्या हाताशी गायनाची तालीम होती. तीच कामाला आली.

मान कधी आणि कसा आला

मद्रास म्युझिक अकादमी १९२८ साली स्थापन झाली. तिचा 'संगीत कलानिधी' हा कर्नाटक संगीतातला सर्वांत मानाचा किताब. ज्याला तो मिळतो तो त्या वर्षीच्या संगीत परिषदेचा अध्यक्ष असतो. म्हणजे विद्वान निबंध वाचतात, चर्चा करतात, आणि अध्यक्षाच्या खुर्चीत तो बसतो. २००८ साली त्या खुर्चीत एक क्लारनेटवादक बसला. लगेच पुढच्या वर्षी, २००९ ला, हा किताब वलयपट्टी सुब्रमण्यम या तविलवादकाला मिळाला. देवळाबाहेर, मिरवणुकीत वाजणारी वाद्यं अशी एकामागोमाग एक वर आली.

नटराजन यांचं वय तेव्हा सत्त्याहत्तर. पंचविशीत 'एव्हरेस्ट' आणि सत्त्याहत्तरीत 'कलानिधी', यामधली पन्नास वर्षं हाही या माहितीचाच भाग आहे. वाजवणाऱ्यांनी त्यांना आधी ओळखलं, संस्थांनी नंतर.

२०२२ ची पद्म यादी त्या दृष्टीने पुन्हा वाचावी. त्यात नटराजन आहेत. विरालिमलैच्या देवळात नाचलेल्या, सदिर परंपरेतल्या आर. मुत्तुकण्णम्माळ आहेत. शहनाईवादक एस. बल्लेश भजंत्री आहेत. भजंत्री हे आडनाव बेळगाव, विजयपूर, सोलापूरच्या वाचकांना नवं नाही, पिढ्यान् पिढ्या देवळात आणि लग्नात सनई वाजवणाऱ्यांचं आहे. नर्तकी, तिच्यामागे वाजणारं क्लारनेट आणि लग्नातली सनई, तिघंही एकाच यादीत.

याच वाटेवरचे बाकीचे

हिंदुस्थानी संगीतात क्लारनेट म्हटलं की पंडित नरसिंहलू वडवाटी यांचं नाव येतं. ते रायचूर जिल्ह्यातले, घर संगीताचंच. त्यांनी तालीम घेतली ती सिद्धराम जंबलदिन्नी या गायकाकडे. इथेही तीच गोष्ट, हातात क्लारनेट आणि गुरू गवई. रायचूर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होतं आणि आपला मराठवाडाही. तेव्हा मराठवाड्याच्या वाचकांनी त्यांना परके समजायचं कारण नाही.

सॅक्सोफोनचे कद्री गोपालनाथ, १९४९ ते २०१९, मंगळूरकडचे. वडील नागस्वरम वाजवायचे. मुलाने म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये सॅक्सोफोन पाहिला आणि त्यावर कर्नाटक संगीत वाजवायचं मनावर घेतलं. २००४ साली पद्मश्री.

आणि सनई. बिस्मिल्ला खाँ यांनी ती दारावरून उचलून मैफिलीच्या मधोमध आणली, २००१ साली त्यांना भारतरत्न मिळालं. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाची सुरुवात सनईने करायचा रिवाज आहे, तो आपल्याला माहीत आहेच.

या सगळ्यांत दोन गोष्टी समान दिसतात. घरात वाद्य होतं, आणि घराबाहेर जाऊन रागाची तालीम घेतली. नुसत्या घरावर भागलं नाही. आणि घरच नसतं तर हात इतक्या लवकर तयार झाला नसता.

हिशोबाच्या भाषेत

मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळे गोष्ट भांडवलाच्या भाषेत लवकर कळते. बँडवाल्याच्या घरी एक भांडवल पडून आहे, ते वहीत कुठेच लिहिलेलं नाही. दहा-बारा वर्षांच्या पोराची तयार झालेली फुंक, पत्तीची जाण, हजार गाण्यांची पाठ, गर्दीत न डगमगता वाजवायची सवय. बाहेरच्या विद्यार्थ्याला हे मिळवायला किती वर्षं लागतील ते मोजा. हे भांडवल लग्नाच्या हंगामापुरतं वापरलं जातं आणि बापाबरोबर संपतं. हंगाम बंद झाला की वाद्य भंगाराच्या भावात जातं, आणि मूल लूमवर.

लूमवर जाण्यात कमीपणा नाही, सुरतेने आपल्या हजारो घरांची चूल त्यावरच पेटवली आहे. पण तयार हात वाया जातो हे नुकसान खरं आहे. नटराजन यांच्या घरीही ते झालं असतं. झालं नाही, कारण वेळेवर एक गायक गुरू भेटला, आणि बँडवाल्याच्या पोराला शिकवायला तो तयार झाला. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कमी महत्त्वाची नाही. आपल्याकडे गाणं शिकवणारे आणि बँडमध्ये वाजवणारे एकाच गावात राहतात, पण एकमेकांच्या ओट्यावर बसत नाहीत. यामागे जात आहे, हे न बोलता सगळ्यांना माहीत असतं.

घरात क्लारनेट असेल तर

ज्यांच्या घरी हे वाद्य आहे आणि मूल वाजवतं आहे, त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी.

एक, मुलाला आधी गाणं शिकवा. क्लारनेटचा गुरू मिळाला नाही तरी गायनाचा शिक्षक तालुक्याला मिळतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या गायनाच्या परीक्षांची केंद्रं महाराष्ट्रातही आहेत, गुजरातेतही.

दोन, रोज तंबोऱ्यावर किंवा श्रुतीपेटीवर लांब सूर लावायची सवय ठेवा. बँडमध्ये वाजवून वाजवून फुंक जोरदार होते पण सूर ताणला जातो. तो शांत बसूनच खाली येतो.

तीन, जुनं अल्बर्ट पद्धतीचं वाद्य घरात असेल तर ते जुनं म्हणून विकू नका. रागाच्या कामाला तेच बरं. लाकडी असेल तर वाजवून झाल्यावर आतून कोरडं पुसा. उन्हात किंवा गाडीच्या टपावर ठेवू नका, लाकूड तडकतं.

चार, पुढचं शिक्षण घ्यायचं असेल तर सुरतेच्या माणसाला बडोदा जवळ आहे. सयाजीरावांच्या काळात, १८८६ साली सुरू झालेली तिथली संगीतशाळा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा परफॉर्मिंग आर्ट्स विभाग आहे. आकाशवाणीच्या स्वरचाचणीतून वादकाला श्रेणी मिळते, ती पुढे कार्यक्रम मिळवायला उपयोगी पडते.

प्रत्येक मूल नटराजन होणार नाही, व्हायची गरजही नाही. पण पुढच्या वेळी उधन्यात किंवा नवापुरात एखाद्या वरातीत म्हातारा क्लारनेटवाला दिसला, तर त्याला विचारा, घरी कोणी शिकतंय का. आणि जेवायला आधी बसवा.